देव गार्डियन की बाप? ख्रिस्ती धर्मातल्या ‘दत्तक’ शब्दाची गोष्ट

(हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि कुकरच्या शिट्ट्या आल्या, त्या काढल्यात. बाकी जसंच्या तसं.)

  

गेल्या महिन्यात एका श्रोत्या मुलीची व्हॉइस नोट आली. जेमतेम चाळीस सेकंदांची. ती म्हणाली, “दादा, आमच्या चर्चमध्ये दर रविवारी सांगतात की आपण सगळी देवाची लेकरं आहोत. मग पौलाच्या पत्रात देवानं आपल्याला दत्तक घेतलं असं का म्हटलंय? स्वतःच्याच लेकराला कोणी दत्तक घेतं का?”

मी ती नोट तीनदा ऐकली. एक तर प्रश्न भारी आहे. आणि दुसरं म्हणजे, मी स्वतः असाच घरात आलेला मुलगा आहे. लोक मला दत्तक म्हणतात. पण गंमत अशी, की कागदावर मी दत्तकसुद्धा नाही. ते कसं, हे शेवटाकडे सांगतो, कारण त्याचा आजच्या विषयाशी थेट संबंध आहे.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी ऐका. कुणाला काही पटवून द्यायचं नाहीये. एक कल्पना आहे, दोन हजार वर्षं जुनी, ती नीट समजून घ्यायची आहे.

शब्द कुठला?

बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्यात एक शब्द येतो, ‘ह्युइओथेसिया’. ‘ह्युइओस’ म्हणजे मुलगा आणि ‘थेसिस’ म्हणजे ठेवणं, स्थापणं. म्हणजे कुणाला तरी मुलाच्या जागी बसवणं. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘दत्तक’ हाच शब्द आला आहे.

हा ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त पाच वेळा येतो. तीनदा रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, एकदा गलतीकरांस, एकदा इफिसकरांस. तिन्ही पत्रं पौलाच्या नावावर आहेत. चार शुभवर्तमानांत हा शब्द नाही. योहान हाच मुद्दा वेगळ्या चित्रानं सांगतो, तो ‘नव्यानं जन्म’ म्हणतो. म्हणजे चित्रं दोन: एक जन्माचं, एक दत्तकाचं. पौलानं दुसरं का निवडलं असेल? यासाठी आपल्याला रोममध्ये जावं लागेल.

रोमची गोष्ट

आज दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाळण्यातलं बाळ येतं. रोमन जगात तसं नव्हतं. तिथे बऱ्याचदा मोठ्या, कळत्या माणसाला दत्तक घेत. कारण? घराला वारस हवा, नाव पुढे चालायला हवं, मालमत्ता सांभाळणारा हवा.

उदाहरणं बघा. ज्युलियस सीझरनं मृत्युपत्रात आपल्या बहिणीच्या नातवाला मुलगा म्हणून घेतलं. तोच पुढे ऑगस्टस, पहिला सम्राट. ऑगस्टसनं इसवी सन ४ मध्ये तिबेरियसला दत्तक घेतलं तेव्हा तिबेरियसची चाळिशी उलटून गेली होती! आणि इसवी सन ५० मध्ये सम्राट क्लॉडियसनं आपल्या बायकोच्या पहिल्या लग्नाच्या मुलाला दत्तक घेतलं. हा मुलगा म्हणजे नीरो.

आता इथे थांबा. क्लॉडियसला स्वतःचा मुलगा होता, ब्रिटानिकस नावाचा. तरी गादीवर आला नीरो. दत्तक म्हणून तो कुठेही कमी ठरला नाही. क्लॉडियसच्या मुलीचं, ऑक्टेव्हियाचं, नीरोशी लग्न लावायचं ठरलं, तेव्हा तर वेगळीच अडचण आली. रक्तानं ती सख्खी भावंडं नव्हती, पण दत्तकामुळे ती दोघं भाऊबहीण झाली होती. मग काय केलं? आधी तिला कागदोपत्री दुसऱ्या घराण्यात दत्तक दिलं आणि मग लग्न लावलं. कायद्यानं जोडलेलं नातं तिथे इतकं खरं मानलं जायचं.

पौलानं रोमकरांना पत्र लिहिलं साधारण इसवी सन ५७ च्या सुमारास. तेव्हा सम्राट कोण? नीरो. म्हणजे ज्या लोकांनी ते पत्र ऐकलं, ते एका दत्तक मुलाच्याच राज्यात राहत होते. त्यांना ‘दत्तक’ या शब्दाची ताकद समजावून सांगायची गरज नव्हती.

दत्तक गेल्यावर काय बदलायचं? जुन्या घराचा अधिकार संपायचा. नव्या बापाचा अधिकार सुरू व्हायचा. नाव बदलायचं. वारसाहक्क मिळायचा. वडील हयात नसलेल्या, स्वतंत्र माणसाला दत्तक घेतलं तर त्याची जुनी कर्जंही मूळ कायद्यानं बुडायची. (प्रवचनात हे फार रंगवून सांगतात. खरं तर सावकारांची ओरड व्हायचीच, म्हणून रोमन न्यायाधिकाऱ्यांनी पुढे त्यांच्यासाठी वाट काढून दिली होती. पण मूळ कल्पना तीच: जुनं खातं बंद, नवं आयुष्य सुरू.)

अर्थात पौल यहुदी होता, त्याच्या डोक्यात फक्त रोम नव्हतं. जुन्या करारात देव इस्राएल लोकांना आपला ज्येष्ठ पुत्र म्हणतो. दावीद राजाच्या वारसाबद्दल देव सांगतो की मी त्याचा पिता होईन. रोमकरांच्या पत्रात तर पौल स्पष्ट म्हणतो की दत्तकपण आधी इस्राएलचं होतं. तेव्हा कल्पना घरची आणि कायद्याची भाषा रोमची, असं काहीसं ते मिश्रण आहे.

आपल्याला हे नवीन नाही

खरं सांगायचं तर हे रोमन चित्र मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा लवकर कळेल. आपल्याकडची जुनी दत्तक पद्धत बरीचशी अशीच होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. नाव नवीन, घर नवीन, जबाबदारी नवीन.

आणि शाळेत आपण सगळ्यांनी ‘खालसा’ धोरण वाचलंय. १८४८ ला सातारा, १८५४ ला झाशी. डलहौसीचं म्हणणं काय होतं? दत्तक मुलगा खाजगी मालमत्ता घेऊ शकेल, पण राज्य नाही. म्हणजे तू मुलगा आहेस, पण पूर्ण नाही. अर्धा.

आता पौल काय म्हणतो बघा. तो म्हणतो, लेकरं असाल तर वारसही आहात. आणि नुसते वारस नाही, ख्रिस्ताबरोबरचे सहवारस. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशू हा देवाचा मूळचा, स्वभावानंच पुत्र. बाकीचे सगळे दत्तकपणानं. तरी वारसा तोच. पौलाच्या हिशोबात ‘अर्धा मुलगा’ हा प्रकारच नाही.

पण एका बाबतीत पौलाचं चित्र रोमपेक्षाही वेगळं आहे आणि आपल्या जुन्या पद्धतीपेक्षाही. सहसा दत्तक कोण घेतं? ज्याला मूल नाही तो. आणि कुणाला घेतं? जो लायक वाटतो त्याला. इथे बापाला आधीच मुलगा आहे, वारसाची काही अडचण नाही. आणि ज्यांना घेतलं त्यांनी काही सिद्ध केलेलं नाही. म्हणजे हे दत्तक बापाच्या गरजेतून आलेलं नाही, निव्वळ त्याच्या इच्छेतून आलं आहे. ख्रिस्ती लोक ‘कृपा’ म्हणतात ती हीच.

आणखी एक. मुलींनो, “हे सगळं मुलगा, पुत्र असंच का?” हा प्रश्न रास्त आहे. त्या काळी वारस म्हटला की मुलगाच डोळ्यांसमोर यायचा. पण गलतीकरांच्या पत्रात दत्तकपणाचा विषय येण्याच्या जरा आधीच पौल म्हणून जातो, की ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद उरत नाही. म्हणजे मुलाला मिळणारा हक्क तो गुलामालाही देतो आणि बाईलाही. त्या काळात हे ऐकून काही लोकांच्या भुवया नक्की वर गेल्या असतील.

घरगडी आणि मुलगा

आता मुख्य मुद्दा. पौल दत्तक मुलाची तुलना कुणाशी करतो? सख्ख्या मुलाशी नाही. गुलामाशी.

गुलामही त्याच घरात राहतो. तेच अन्न खातो. कदाचित मुलापेक्षा जास्त कामही करतो. फरक एवढाच, की त्याचं तिथलं असणं त्याच्या कामावर टिकलेलं. चुकला की भीती. पौल म्हणतो, तुम्हाला मिळालेला आत्मा पुन्हा भीतीत ढकलणारा गुलामीचा आत्मा नाही, दत्तकपणाचा आहे.

लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट माहीत असेल. बापाचे पैसे उडवून आलेला मुलगा वाटेत भाषण पाठ करतो: मी मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरासारखं ठेवा. पण घरी पोचल्यावर ‘मजूर’ हे वाक्य म्हणायच्या आतच बाप कपडे, अंगठी, जेवण मागवायला लागतो. त्याला ती नोकरी मिळतच नाही! आणि थोरला भाऊ? तो कधी घर सोडून गेलाच नाही, पण रागाच्या भरात बोलतो काय, तर इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय. घरातच राहून तो स्वतःला गडी समजत होता.

मला वाटतं, आपल्यापैकी बरेच जण या थोरल्यासारखे असतात. देवाशीच नाही, घरातसुद्धा. मार्क चांगले आले तर आपण घरचे. नोकरी लागली तर आपण घरचे. दत्तक मुलाला ही भीती जरा जास्तच ओळखीची असते. मी लहानपणी कधी हट्ट केला नाही. सगळे म्हणायचे, किती गुणी पोरगं. मी गुणी वगैरे काही नव्हतो. मला परत पाठवतील असं वाटायचं.

‘अब्बा’ म्हणजे ‘पप्पा’ नाही

याच संदर्भात पौल एक अरामी शब्द तसाच ठेवतो, ‘अब्बा’. अरामी ही येशूच्या बोलण्यातली भाषा. अरबीतल्या ज्या शब्दापासून उर्दूतलं अब्बा, अब्बू आलं, त्याच भाषाकुळातला हा शब्द. आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही.

तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल की अब्बा म्हणजे ‘डॅडी’, लहान बाळाची बोबडी हाक. ही कल्पना विसाव्या शतकात खूप पसरली. पण १९८८ मध्ये जेम्स बार या अभ्यासकानं दाखवून दिलं की तसं नाही. मोठी माणसंही आपल्या वडिलांना हीच हाक मारायची. जवळिकीची हाक आहे, पण बाळबोली नाही. आपलं ‘बाबा’ कसं चार वर्षांचं पोरही म्हणतं आणि पन्नाशीचा माणूसही म्हणतो, तसं.

आणि शुभवर्तमानात येशूच्या तोंडी हा शब्द कुठे येतो माहितीये? एकाच ठिकाणी. मार्कमध्ये, गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री. तो घाबरलेला आहे, हे संकट टळू दे म्हणून विनवतो आहे आणि तेव्हा ‘अब्बा’ म्हणतो. म्हणजे ही हाक मजेत असतानाची नाही. ज्याच्याकडे आता काहीच सिद्ध करण्यासारखं उरलेलं नाही, त्याची आहे.

हे सांगतोय त्याचं कारण, काही जणांना ‘देव बाप आहे’ हे ऐकूनच अंगावर काटा येतो. कारण घरातला बाप मारणारा होता, किंवा नव्हताच. त्यांना मी एवढंच म्हणेन की दत्तकाचं चित्र तुमच्यासाठीच जास्त उपयोगाचं आहे. जन्माचं चित्र म्हणतं, बाप जसा आहे तसाच. दत्तकाचं चित्र म्हणतं, जुन्या घराचा अधिकार संपला.

मग त्या प्रश्नाचं उत्तर?

आता व्हॉइस नोटकडे येऊ. सगळेच देवाची लेकरं, मग दत्तक कशाला?

‘लेकरू’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेन्समध्ये भाषण करतो, तिथे तो सगळ्या माणसांना देवाची संतती म्हणतो. निर्माणकर्ता म्हणून देव सगळ्यांचाच. पण त्याच्या पत्रांत तो नात्याबद्दल बोलतो आहे, आणि त्याच्या मते ते नातं तुटलं होतं. माणूस घराबाहेर गेला होता, पापाच्या ताब्यात होता. तेव्हा दत्तक म्हणजे परत घरात घेणं, तेही पूर्ण हक्कानं. लूकच्या गोष्टीतल्या मुलासारखं.

वेगवेगळ्या चर्चपरंपरा यावर वेगवेगळा भर देतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा याला बाप्तिस्म्याशी जोडतात. ऑर्थोडॉक्स लोक तर पुढे जाऊन म्हणतात की यातून माणूस देवाच्या जीवनातच सहभागी होतो. प्रोटेस्टंटांमध्ये सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यात दत्तकपणावर स्वतंत्र प्रकरण आहे, लहानसं, पण स्वतंत्र. त्या बाजूचे लोक फरक असा सांगतात: न्यायाधीश निर्दोष म्हणून सोडून देतो ही एक गोष्ट, आणि सोडल्यावर तोच तुम्हाला आपल्या घरी घेऊन जातो ही दुसरी.

एक गोंधळ टाळा. ‘अडॉप्शनिझम’ नावाचं एक वेगळं मत होतं, की येशू हाच साधा माणूस होता आणि देवानं त्याला दत्तक घेतलं. चर्चनं ते मत नाकारलं. आपण बोलतोय ते त्याबद्दल नाही.

आणि एक गंमत राहिलीच. रोमकरांच्या आठव्या अध्यायात पौल आधी म्हणतो, दत्तकपणाचा आत्मा तुम्हाला मिळाला आहे. थोडं पुढे गेल्यावर म्हणतो, आपण दत्तकपणाची वाट पाहत आहोत. अरे, मिळालं की मिळायचंय? दोन्ही. हक्क आजपासून, पण पूर्ण घरी पोचणं अजून बाकी. दत्तक मुलांना विचारा, त्यांना हे लगेच कळेल. दत्तकाचा आदेश एका दिवसात होतो. हे घर आपलं आहे असं वाटायला वर्षं जातात.

माझा कागद

आता माझी गोष्ट. भारतात १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी आहे. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी यांच्यासाठी तसा वेगळा कायदा नव्हता. त्यांच्यासमोर सहसा एकच वाट असायची: १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. यातला ‘पालक’ म्हणजे शाळेच्या डायरीत सही करणारे आईबाबा नव्हेत. गार्डियन. मूल त्याचा ‘पाल्य’, त्याचं मूल नाही. आपोआप वारसाहक्क नाही. आणि पाल्य सज्ञान झाला की पालकत्व संपलं.

म्हणजे बघा, ज्या धर्मात देवानं माणसाला दत्तक घेतलं असं शिकवतात, त्या धर्माच्या लोकांना इथे कायद्यानं मूल दत्तक घेणं इतकं अवघड होतं. किशोर न्याय कायद्यात २००६ ला दुरुस्ती झाली, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते, आणि आता ते मूल सगळ्या अर्थानं त्या घरचं होतं. पण मी घरी आलो १९९७ मध्ये.

बारावीनंतर ॲडमिशनसाठी कागद शोधताना कपाटात तो आदेश सापडला. मी नुकताच अठरा पूर्ण केले होते. त्यात ‘पाल्य’ लिहिलं होतं, आणि मुदत. मी बाहेर येऊन बाबांना विचारलं, “म्हणजे आता मी तुमचा कुणीच नाही का?”

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “कागदाची मुदत संपली रे. आपली कुठे संपली?” आणि आईला म्हणाले, चहा टाक. पुढच्या आठवड्यात ते वकिलाकडे गेले आणि मृत्युपत्र करून आले. त्यात माझ्या नावाआधी ‘पाल्य’ नाही. ‘मुलगा’ लिहिलंय.

खूप वर्षांनी मी गलतीकरांचं पत्र नीट वाचलं. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल लिहितो की वारस लहान असतो तोवर तो गार्डियन आणि कारभारी यांच्या हाताखाली असतो, बापानं ठरवलेल्या मुदतीपर्यंत. आणि मुदत संपल्यावर काय? माझ्या कागदावर नातं संपत होतं. पौलाच्या पत्रात मुदत संपते तिथेच ‘दत्तक’ हा शब्द येतो. त्या दिवशी मी पुस्तक मिटवून बराच वेळ तसाच बसलो होतो.

म्हणून ताई, तुझ्या चाळीस सेकंदांच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच. ‘लेकरू’ हा शब्द प्रेमानं कुणालाही म्हणता येतो. शेजारची आजीही आपल्याला लेकरा म्हणते. ‘दत्तक’ म्हटलं की नाव, घर आणि वारसा देणाऱ्यावर बंधन येतं. त्याला नंतर मागे फिरता येत नाही. पौलाला देवाबद्दल हेच सांगायचं होतं.

आजचा एपिसोड इथेच थांबवतो. तुमच्या घरी दत्तक, गार्डियन, सख्खं-सावत्र असे शब्द कसे वापरले जातात, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. आणि हा एपिसोड कुणाला पाठवावासा वाटला, तर अशा एखाद्याला पाठवा जो घरात फार गुणी म्हणून ओळखला जातो.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!